‘उपलब्ध’ कुणाला?

पत्र

ताई,

मी २८ वर्षांची आहे. एम.एस्सी. झाल्यावर क्लिनिकल रिसर्चचा डिप्लोमा केला. चार वर्षं एका खासगी हॉस्पिटलात ट्रायल कोऑर्डिनेटर म्हणून काम करते. आमच्याकडे एका परदेशी कंपनीच्या इंजेक्शनची ट्रायल होती, संधिवातावरची. पहिले २४ आठवडे औषध किंवा प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं इंजेक्शन, त्यानंतर वर्षभरापर्यंत सगळ्यांनाच औषध.

त्यात एक मावशी होत्या. पन्नाशीच्या, शेतमजुरी करणाऱ्या, साठ किलोमीटरवरून एसटीने यायच्या. आल्या तेव्हा चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरायच्या, कारण बोटं मिटतच नव्हती. फॉर्म समजावून सांगितला तर म्हणाल्या, “ताई, तुम्ही सांगाल तिथे अंगठा देते.” चाळीसाव्या आठवड्याच्या व्हिजिटला त्या डबा घेऊन आल्या. “स्वतः थापल्यात, खाऊन बघ.” मी आयुष्यात खाल्लेली ती सगळ्यात चांगली भाकरी होती.

जानेवारीत ट्रायल संपली आणि इंजेक्शन बंद झालं. आता बोटं परत आखडली आहेत. दर आठवड्याला त्यांचा फोन येतो, “पुढची ट्रायल कधी?” फॉर्ममध्ये लिहिलंय, ‘अभ्यासानंतर पर्यायी उपचार उपलब्ध आहेत.’ या प्रकारची औषधं बाजारात आहेत हे खरं, पण त्यांचा महिन्याचा खर्च मावशींच्या कमाईच्या कितीतरी पट आहे. आमचे पीआय सर, म्हणजे ट्रायलचे मुख्य डॉक्टर, म्हणतात, “वर्षभर फुकट मिळालं ना? नाहीतर तेही मिळालं नसतं.” माझा भाऊ म्हणतो, तू गरिबांना गिनिपिग करणाऱ्या दुकानात काम करतेस. मला दोघांचंही पटत नाही आणि दोघांनाही उत्तर देता येत नाही. मी चुकले का? नोकरी सोडू का?

(नाव छापू नये.)

उत्तर

नोकरी सोडू नका. तुमच्या खुर्चीवर उद्या दुसरी कुणीतरी बसेल, आणि ती मावशींचा फोन उचलेलच याची खात्री नाही.

पण तुमचं काहीच चुकलं नाही, असंही मी म्हणणार नाही. माझंही चुकलंय, आणि तुमच्यापेक्षा जास्त, कारण मी मंजुरी देणाऱ्यांच्या बाजूला बसत होते.

मी बँकेतून निवृत्त झाले त्या वर्षी एका हॉस्पिटलने मला त्यांच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे ट्रायल नीतीला धरून आहे का ते बघून मंजुरी देणाऱ्या समितीवर, बोलावलं. अशा कमिटीत एक ‘लेपर्सन’ असावा लागतो, म्हणजे वैद्यकातलं काही न कळणारा माणूस. ही पात्रता माझ्याकडे भरपूर होती. लेपर्सनशिवाय कोरम होत नाही, त्यामुळे मीटिंगच्या आदल्या दिवशी मला दोनदा फोन यायचा आणि मीटिंगमध्ये मात्र फारसं कुणी काही विचारायचं नाही. नऊ वर्षांत मी मराठी संमतिपत्रांचे ढीग वाचले. ‘यादृच्छिकरीत्या नियुक्त’, ‘अन्वेषणात्मक उत्पाद’ असली ती मराठी. एकदा मी म्हटलं, हे आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना वाचून दाखवते, त्यांना कळलं तर पास करू. सगळे हसले. मी खरंच वाचून दाखवलं. ‘यादृच्छिक’ म्हणजे काय असेल विचारलं तर त्या म्हणाल्या, “यादी करून ठरवत असतील.” त्यानंतरच्या फॉर्मात आम्ही ‘छापा-काटा करून’ असं लिहायला लावलं.

पण त्याच काळात एका फॉर्मात हे वाक्य होतं: ‘अभ्यास संपल्यानंतर डॉक्टर तुमच्याशी उपलब्ध पर्यायांविषयी चर्चा करतील.’ मी त्यातलं शुद्धलेखन तपासलं आणि पान उलटलं. तीस वर्षं कर्जाच्या कागदांवरची बारीक अक्षरं वाचण्यात घालवलेल्या बाईला ‘उपलब्ध’ हा शब्द खटकला नाही. दीड वर्षाने एका सहभागीचा मुलगा कमिटीच्या सेक्रेटरीसमोर उभा होता. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत वडिलांची फाईल. तो चिडलेला नव्हता. एवढंच म्हणाला, “चर्चा झाली मॅडम. आता औषध कुठून आणू?” त्या खोलीत याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. मी तर खिडकीबाहेर बघत बसले.

तेव्हापासून मी त्या एका शब्दाच्या मागे लागले आहे. तुमच्या पत्रातही तोच शब्द आहे.

आधी भावाचं बघू. ‘गिनिपिग’ म्हणण्यासारख्या गोष्टी घडल्या आहेत. १९९६ साली नायजेरियातल्या कानो शहरात मेंदूज्वराची साथ होती. फायझर कंपनीने तिथे २०० मुलांवर चाचणी केली. निम्म्यांना नवं औषध, निम्म्यांना जुनं इंजेक्शन. ११ मुलं दगावली. ती मेंदूज्वराने गेली असं कंपनी म्हणत राहिली, आणि दोन्ही गटांतले मृत्यू जवळपास सारखे होते हेही खरं. पण एथिक्स कमिटीच्या मंजुरीचं जे पत्र दाखवलं गेलं, ते मागची तारीख टाकून नंतर तयार केलेलं निघालं. २००९ साली कंपनीने कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली. आपल्याकडे २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. तिथे वसतिगृहातल्या मुलींच्या फॉर्मवर आईबापांऐवजी वॉर्डनने सह्या केल्या होत्या. त्या काळात झालेले काही मुलींचे मृत्यू लसीमुळे नव्हते असंच चौकशीत म्हटलं गेलं, पण संमतीच्या बाबतीत २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने कडक ताशेरे ओढले.

या दोन्ही गोष्टींत चूक कुठे झाली ते लहान मुलालाही दाखवता येतं. खोटी तारीख, दुसऱ्याची सही. तुमच्या ट्रायलमध्ये असं काही नाही. कागद जागच्या जागी आहेत, मावशींना त्रास झाला नाही, उलट गुण आला. म्हणून भावाला उत्तर देणं तुम्हाला जड जातंय. त्याचा शब्द तुमच्या ट्रायलला लागू पडत नाही, आणि तरीही कुठेतरी काहीतरी कुजकं आहे हे तुम्हाला कळतंय.

ते कुजकं सापडतं तुमच्या सरांच्या वाक्यात. “नाहीतर तेही मिळालं नसतं.” हे वाक्य त्यांचं नाही. त्यांच्या आधी जगातल्या फार मोठमोठ्या लोकांनी ते म्हटलेलं आहे.

१९९४ साली अमेरिका आणि फ्रान्समधल्या एका चाचणीत दिसलं की एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईला एझेडटी हे औषध दिलं, तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण दोनतृतीयांशाने घटतं. तिकडे ते लगेच सर्रास सुरू झालं. ते वेळापत्रक लांबलचक आणि महाग होतं. म्हणून आफ्रिकेत आणि थायलंडमध्ये स्वस्त, छोटा कोर्स चालतो का हे बघणाऱ्या चाचण्या सुरू झाल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच चाचण्यांत तुलनेसाठी प्लासिबो होता. म्हणजे काही गरोदर बायकांना, औषध असतं हे माहीत असून, नुसत्या गोळ्या. १९९७ साली यावर मोठं रान उठलं. बचाव काय होता? तिथे या बायकांना एरवी काहीच उपलब्ध नाही, मग काहीच न देण्याने आपण त्यांचं काही हिरावून घेत नाही. पुढच्याच वर्षी थायलंडचा निकाल आला: छोट्या कोर्सनेही लागण निम्म्याने घटते. ती माहिती खरोखर मोलाची होती. या प्रश्नाचं अवघडपण त्यातच आहे; चुकीच्या वाटेने गेलेल्यांच्या हातीही कधी कधी खरं सोनं लागतं.

आता आपल्या घरात या.

१९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची एक प्रचंड चाचणी झाली. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्योनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली, पैसा गेट्स फाउंडेशनचा. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट पाडले आणि चार प्रकारांत वाटले. एका प्रकारात हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड लावून पांढरा डाग दिसतो का ते बघायचं. चौथ्या प्रकारातल्या ३१,४८८ बायकांना माहिती आणि सल्ला, पण तपासणी नाही.

तुम्ही नुसते आकडे म्हणून वाचू नका. एखाद्या गावात नर्सताई आल्या, शाळेच्या खोलीत पडदा लावला, बायका लाजत लाजत रांगेत उभ्या राहिल्या, आणि शेजारच्या गावात, जिथे त्यांच्यातल्या एकीची नणंद दिली आहे, तिथे फक्त माहिती देऊन गेल्या. कुठल्या गावाला काय मिळणार हे चिठ्ठीवर ठरलं.

२००९ साली निकाल छापून आला. एचपीव्ही तपासणी झालेल्या ३४,१२६ बायकांत या कर्करोगाने ३४ मृत्यू. तपासणी न झालेल्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात हे उस्मानाबादच्या बायकांमुळे जगाला कळलं.

अशाच दोन चाचण्या आणखी झाल्या, तमिळनाडूत दिंडिगुल जिल्ह्यात आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये. मुंबईच्या चाचणीला अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा पैसा होता. दहावी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून व्हिनेगरची तपासणी करून घेतली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हे जगभर गाजलं. तिन्ही चाचण्यांत मिळून तपासणीविना ठेवलेल्या बायका १,३८,६२४. त्यांच्यातल्या २५४ जणी या कर्करोगाने गेल्या, असा हिशोब टीकाकारांनी मांडला आणि विचारलं: अमेरिकेत असा गट कुणी ठेवू दिला असता का? तिथल्या सरकारी कार्यालयानेही मुंबईच्या चाचणीत बायकांना दिलेल्या माहितीत त्रुटी काढल्या.

संशोधकांचं उत्तर तुमच्या ओळखीचं आहे. भारतात तेव्हा तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रमच नव्हता. प्रचलित सेवा म्हणजे काहीच नाही. म्हणून तुलनेचा गट म्हणजे काहीच नाही. तपासणी उपलब्ध नव्हती.

मी त्यांना खलनायक करायला तयार नाही. टीकाकार म्हणत होते, पॅप स्मिअरने जीव वाचतात हे जगाला माहीतच होतं, मग परत सिद्ध काय करायचं? पण उस्मानाबादमध्ये पॅप स्मिअरच्या गटातले मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटलेच नाहीत. श्रीमंत देशात चालणारी गोष्ट खेड्यात चालली नाही, आणि तुलनेचा गट नसता तर ते कळलंही नसतं. बार्शीच्या लोकांनी त्या भागात केलेलं काम मोठं आहे. तरी माझ्यातली बँकवाली विचारते, कर्ज कुणी घेतलं, व्याज कुणी खाल्लं?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली. त्या शिफारशीमागच्या पुराव्यांत उस्मानाबाद आहे. आपल्या सरकारने २०१६ साली ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी करायची असं ठरवलं. ठरवलं खरं, पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, तर आयुष्यात एकदा तरी या कर्करोगाची तपासणी झालेल्या बायका देशभरात १.९ टक्के निघाल्या. शंभरात दोनसुद्धा नाहीत. ‘उपलब्ध नाही’ म्हणून ज्यांना तपासणीविना ठेवलं, त्यांच्या मुलीसुनांनाही उत्तर मिळून दशक उलटल्यावरही ती उपलब्ध नव्हती.

याच्या शेजारी पुण्याजवळच्या वढूचं उदाहरण ठेवा. २०११ मध्ये दिल्ली, वेल्लोर आणि वढू इथे ६,७९९ बाळांवर रोटाव्हायरसच्या, म्हणजे बाळांना जीवघेणे जुलाब करणाऱ्या विषाणूच्या, भारतीय लशीची चाचणी सुरू झाली. तिथेही प्लासिबो होता, आणि तेव्हा परदेशी कंपन्यांच्या लशी आपल्या बाजारात मिळत होत्या. पैसेवाल्यांची बाळं त्या घेतही होती. म्हणून त्याही चाचणीवर टीका झाली, आणि ती चुकीची नव्हती. पण लस साधारण एक डॉलरला देऊ, असं कंपनीने आधीच सांगितलं होतं, आणि २०१६ पासून ती टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली. वढूसारख्या गावांतल्या बाळांना रोटाव्हायरसची लस पुढे सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागली. दोन्हीकडे जोखीम गरिबांनीच घेतली. वढूत फळ त्यांच्या दारात परत आलं, तेवढाच फरक, पण माझ्या लेखी तो फार मोठा आहे.

आता तुमच्या मावशींचा कागद काढा.

आपल्याकडे २०१९ चे नवीन औषधं व क्लिनिकल ट्रायल नियम आहेत. त्यात ट्रायल संपल्यावर औषध फुकट देत राहण्याची तरतूद आहे. पीआयने शिफारस करायची, एथिक्स कमिटीने मान्य करायची, रुग्णाने लेखी संमती द्यायची आणि कंपनीने औषध द्यायचं. वाचताना छान वाटतं. पण त्यात अट आहे: त्या आजारावर दुसरा पर्यायी उपचार उपलब्ध नसला पाहिजे आणि औषधाने रुग्णाला फायदा झालेला असला पाहिजे.

मावशींना फायदा झाला. पण संधिवातावर पर्यायी उपचार आहेत. दुकानात आहेत. फ्रिजमध्ये ठेवलेले आहेत. म्हणून ‘उपलब्ध’ आहेत.

दिसतंय का तुम्हाला? तुलनेच्या गटाला काही द्यायची वेळ आली की ‘उपलब्ध’ म्हणजे त्या गरिबाच्या घरी काय पोचतं ते. तिच्या घरी काही पोचत नाही, म्हणून काही दिलं नाही तरी चालतं. आणि ट्रायलनंतर औषध द्यायची वेळ आली की ‘उपलब्ध’ म्हणजे बाजारात काय मिळतं ते. बाजारात मिळतं, म्हणून पुन्हा काही दिलं नाही तरी चालतं. एकच गज, पण मापताना प्रत्येक वेळी दुकानदाराच्या सोयीच्या टोकाने धरलेला. तुमच्या सरांना आणि भावालाही हेच सांगा. ट्रायल गरीब देशात झाली हे पाप नाही. आजार इथे आहे, तर औषध इथल्या शरीरांवर तपासायला हवंच, नाहीतर आपण कायम दुसऱ्यांच्या मापाचे कपडे घालत राहू. पण शब्दाचा अर्थ दोन्ही वेळा एकच ठेवा, एवढं म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे.

तुमचं चुकलं ते इथे: मावशींनी “तुम्ही सांगाल तिथे अंगठा” म्हटलं, तेव्हा तुम्ही थांबायला हवं होतं. बँकेत कर्जदार असं म्हणाला की मी पेन खाली ठेवायचे. ज्याला ‘नाही’ म्हणणं परवडत नाही, त्याच्या ‘हो’ला किती किंमत द्यायची? ‘नाही’ म्हटलं तर काय, हे त्यांना आधी सांगायला हवं. म्हणजे असं: “मावशी, तुम्ही नको म्हणालात तरी इथली ओपीडी बंद होणार नाही, सरकारी दवाखान्यात या या गोळ्या मिळतात, सरकारी आरोग्य योजनेत बसतं का तेही मी बघून देते. आता ट्रायल काय आहे ते ऐका. आणि वर्षाने हे इंजेक्शन बंद होणार. तेव्हा बोटं परत आखडू शकतात.” हे शेवटचं वाक्य तुमच्या फॉर्मात नसेल. फॉर्मात नसलेली, पण खरी असलेली गोष्ट रुग्णाला सांगायला बंदी नाही. मग फॉर्म घरी न्यायला द्या. रात्रभर राहू द्या घरात, सुनेला वाचू द्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही नाही, त्यांनी तुम्हाला समजावून सांगायचं: यात काय आहे, कधी बंद होणार, मधेच सोडता येतं का. अंगठा असेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो, आणि तो वॉर्डबॉय नको. (हसू नका. मी एका फाईलवर सलग अकरा फॉर्मांना एकच साक्षीदार पाहिलाय. वॉर्डबॉयच होता.) आणि ‘फुकट’ हा शब्द तोंडातून काढून टाका. मावशींनी वर्षभर रक्त दिलं, एसटीत बसून आल्या, प्लासिबो निघायची जोखीम घेतली. त्यांना काही फुकट मिळालेलं नाही.

तुमचं इन्क्रिमेंट किती पेशंट एन्रोल केले यावर ठरत असेल, तर ते आधी बदलून घ्या. ते न बदलता बाकीचं जमणं अवघड आहे.

पुढच्या ट्रायलचा प्रोटोकॉल, म्हणजे लेखी आराखडा, कमिटीकडे जाईल तेव्हा एक प्रश्न सरांच्या सहीने लेखी पाठवा: औषधाने गुण आला, तर ट्रायल संपल्यावर सहभागींना ते कसं मिळेल, किती काळ आणि कोणाच्या खर्चाने? ‘उपलब्ध’ हा शब्द आला तर कंसात लिहा: कुणाला, किती रुपयांत. सर सही करणार नसतील तर कमिटीतल्या लेपर्सनला गाठा. त्या माणसाला कुणी काही विचारत नाही, खूश होईल. मंजुरीच्या आधी कंपनी घाईत असते, तेव्हा ती ऐकते. शेवटच्या महिन्यांच्या व्हिजिटा फुकट वाढवून मिळाल्याचं आणि एकदा पुढचा वर्षभराचा साठा मिळाल्याचं मी पाहिलंय, दोन्ही वेळा मंजुरी अडवून धरल्यावर. नंतर लिहिलेल्या पत्रांना बहुतेक वेळा ‘प्रोटोकॉलमध्ये तरतूद नाही’ एवढंच उत्तर येतं.

तरी मावशींसाठी नंतरचं पत्रही लिहाच. सहभागीच्या क्रमांकाने, नाव न घालता: सुरुवातीला सांध्यांची सूज किती होती, संपताना किती, आज किती, आणि बाजारातला पर्याय तिला परवडत नाही. पीआयची शिफारस, प्रत कमिटीला. औषध मिळेलच असं नाही. पण त्याच कंपनीची पुढची फाईल त्याच टेबलावर येणार आहे, आणि तेव्हा हे पत्र मीटिंगच्या नोंदींमध्ये असेल.

सरांशी भांडू नका. त्यांनी वर्षभर त्या बाईंना नीट पाहिलं असणार, नाहीतर भाकरीचा डबा तुमच्या टेबलापर्यंत आलाच नसता. त्यांना फक्त हा गज दाखवा. मात्र सही मागच्या तारखेने घे, साक्षीदाराच्या जागी तूच सही कर, किंवा गंभीर त्रास झाला तरी २४ तासांत कळवू नको, असं कुणी सांगितलं, तर त्या दिवशी राजीनामा द्या आणि कमिटीच्या अध्यक्षांना लेखी कळवून मगच बाहेर पडा.

आणि मावशी. त्यांना ट्रायल संपल्यावर नेमकं काय मिळालं होतं, कोणत्या गटात होत्या, कोणत्या तारखेला शेवटचं इंजेक्शन, याचं एक पान सरांकडून घेऊन द्या. आपल्याकडे ट्रायलमधून बाहेर पडणारा माणूस रिकाम्या हाताने जातो आणि पुढचा डॉक्टर शून्यापासून सुरू करतो. ते पान घेऊन त्यांना जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत पाठवा, शक्य असेल तर पहिल्यांदा तुम्हीच सोबत जा. तिथे मेथोट्रेक्सेटसारखं स्वस्त औषध देता येतं का, आधीच चालू असेल तर डोस बघायचा का, हे डॉक्टर ठरवतील. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. तुम्हाला हे माहीत आहे, पण गोळ्या काढून देणाऱ्या सुनेला दोनदा सांगा आणि कॅलेंडरवर वार लिहून द्या. मधून मधून रक्त तपासावं लागेल, तेही तिथेच होईल. त्या इंजेक्शनच्या वर्गातल्या काही औषधांच्या भारतात बनलेल्या स्वस्त आवृत्त्या आहेत. योजनेतून किंवा धर्मादाय खाटांच्या कोट्यातून काही जमतं का, ते हॉस्पिटलच्या सोशल वर्करला विचारा. भाकरी थापण्याइतकी बोटं परत उघडतील की नाही, ते मला सांगता येणार नाही.

पण हे सगळं उद्या. आज संध्याकाळी फोन करा आणि एकच गोष्ट विचारा. “पुढची ट्रायल कधी” असं दर आठवड्याला विचारणारी बाई, दुसरी औषधं घेतली तर पुढच्या वेळी ट्रायलमध्ये घेणार नाहीत या भीतीने सगळ्याच गोळ्या बंद करून बसली आहे, असं मी एकदा पाहिलंय. मावशी आत्ता काय घेतायत, ते आधी विचारा.